ये किसी के अब्बा नै, टीचर

(सोलापुरात तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं की मुस्लिम मुलांच्या शिक्षणावर बोला. हा विषय निघाला की गळती, शिष्यवृत्त्या, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, माध्यम उर्दू की मराठी, हे सगळं ओघानं येतं. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय. तुमच्यातले काहीजण तर त्यासाठी अर्ज घेऊन दारोदार फिरतायत. आज मी एका फार लहान गोष्टीवर बोलणार आहे. पाच-सहा वर्षांचं मूल कागदावर स्वतःचा चेहरा काढतं, त्या गोष्टीवर. तासभर दिलाय, पण तेवढा मी घेणार नाही. शेवटची वीस मिनिटं मला दुसऱ्या कामासाठी हवी आहेत.

आमचा रविवारचा वर्ग एका वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीत भरतो. बहुतेक मुलांच्या आया घरी विड्या वळतात, वडील पॉवरलूमवर नाहीतर रिक्षावर. पोरं चार ते दहा वर्षांची. वर्ग सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, तेव्हा मी सगळ्यांना म्हणाले, आज स्वतःला काढा. एक सहा वर्षांची मुलगी खडूची पेटी उपसायला लागली. "टीचर, स्किन कलर किधर है?" मला कळेना. शेजारच्या पोरानं तिला बरोबर तो खडू काढून दिला. फिकट गुलाबी, पिकत आलेल्या पेरूच्या गरासारखा. तिनं तो घेऊन चेहरा, मान, हात सगळं गुलाबी रंगवलं. कागद धरलेला तिचा हात मात्र आपल्या सगळ्यांच्या हातासारखाच, काळासावळा. त्या दिवशी वीस-बावीस मुलांनी स्वतःला काढलं आणि एकजात सगळी गुलाबी.

त्या खडूला आपल्याकडे अजूनही सर्रास 'स्किन कलर' म्हणतात. तुम्हीही लहानपणी म्हणाला असाल, मीही म्हणायचे. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीनं तिच्या अशाच खडूचं 'फ्लेश' हे नाव 1962 साली बदलून 'पीच' केलं. त्याच्याही आधी, 1940 च्या दशकात, केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं लहान मुलांवर प्रयोग केले होते. त्यातला बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. गोरी आणि काळी बाहुली समोर ठेवून 'चांगली कुठली' असं विचारायचं. 1954 च्या ज्या निकालानं अमेरिकेतल्या शाळांतलं वर्णविभाजन बेकायदा ठरवलं, त्या खटल्यात या प्रयोगांचा आधार घेतला गेला. पण त्यांचा दुसरा प्रयोग कमी लोकांना माहीत असतो. त्यात मुलांना चित्राची बाह्यरेषा देऊन सांगायचे, हे तू आहेस, याला तुझा रंग दे. सावळ्या-काळ्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःला आहेत त्यापेक्षा उजळ रंगवलं. मला आमची पत्र्याची खोली आठवली.

आता दुसरा प्रसंग, यासाठीच मी आज इथे उभी आहे. ईद जवळ आली होती. कुणीतरी चित्रकला स्पर्धेची टूम काढली, विषय 'ईद'. सगळ्या मुलांनी एकच चित्र काढलं. चंद्रकोर, दोन मिनार, आणि खाली गळाभेट घेणारे दोन पुरुष. शेरवानी, टोपी, दाढी. मी सहज एका मुलाला विचारलं, "यातले तुझे अब्बा कुठले रे?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की टीचरला एवढंही कळत नाही. म्हणाला, "ये किसी के अब्बा नै, टीचर. ये मुसलमान है."

आठ वर्षांचं पोर. स्वतः मुसलमान. त्याच्या डोक्यात 'मुसलमान' नावाचा एक माणूस तयार आहे आणि तो त्याच्या घरातल्या कुणासारखाच दिसत नाही. त्याचे अब्बा रोज क्लीनशेव्ह, रिक्षा चालवतात, खाकी शर्ट घालतात. शेरवानी त्यांनी बहुधा स्वतःच्या निकाहलाच घातली असेल, तीही भाड्याची.

पुढच्या रविवारी मी सांगितलं, ईद राहू दे, अब्बाला काढा. आणि काढायच्या आधी आठवडाभर त्यांना बघून या. काय आलं सांगू? लुंगी आणि बनियनवरचे अब्बा, भुवयांवर सुताचा कापूस. रिक्षाच्या आरशात नुसते डोळे दिसणारे अब्बा. एका मुलीनं आडवा माणूस काढला, तोंडावर चादर, बाहेर फक्त पाय. मी विचारलं तर म्हणाली, "रातपाली करते ना, मैं उनकू सोते हुएच देखती." चादर मात्र तिनं मन लावून काढली होती. अस्सल सोलापुरी, मोर आणि चौकडीसकट.

मुस्लिमांविषयी बाहेरचे लोक ठोकळेबाज चित्रं करतात, अशी आपली तक्रार असते आणि ती खरीच आहे. सिनेमात दिसतं ते, व्हॉट्सॲपवर फिरतं ते. पण तो ठोकळा आपल्या मुलांच्या हातातही आहे, आणि तो काही कुणी शत्रूनं दिलेला नाही. शुभेच्छापत्रं, कॅलेंडरं, पुस्तकांतली एकात्मतेची चित्रं, ज्यात चार धर्मांची चार मुलं हात धरून उभी असतात आणि आपल्यातला टोपीवरून ओळखायचा, या सगळ्यांतून तो आलाय. चांगल्या हेतूनं दिलेला ठोकळा. व्यक्तिचित्र, पोर्ट्रेट म्हणजे नेमकं याच्या उलटं. तिथे 'मुसलमान' किंवा 'मुलगी' काढता येत नाही. हीच भुवई, हाच तीळ, हाच पुढचा पडलेला दात काढावा लागतो.

हे वर्गात कसं करायचं ते आता सांगते. तुमच्यापैकी जे अभ्यासवर्ग, बालवाड्या चालवता त्यांना उपयोग होईल.

आधी एवढं समजून घ्या की मूल मोठ्यांसारखं बघून काढत नाही. तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं म्हणजे एक गोल आणि त्यालाच फुटलेले दोन पाय. बेडकाच्या पिल्लासारखा. पोट नाही, मान नाही. ती चूक नाही, जगभरातली मुलं या टप्प्यातून जातात. रोडा केलॉग या बाईंनी आयुष्यभर लहान मुलांची चित्रं जमवली, लाखोंनी, आणि हेच दाखवून दिलं. पाच-सहाव्या वर्षी धड येतं, बोटं येतात, सूर्याच्या किरणांसारखी. सात-आठला मुलाचा एक साचा पक्का होतो, तोच तो माणूस दर वेळी. आणि नऊ-दहाला बरीच मुलं म्हणतात, मला येत नाही. तिथे चित्र थांबतं ते बहुतेकांचं कायमचं.

आपल्याकडे मग पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा येतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे, खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांना चित्रकलेचा पहिला कागद त्यांनीच हातात दिला. पण स्मरणचित्राचं काय होतं ते आपण बघतोच. क्लासमध्ये तयार माणसं पाठ करून घेतात, फुगेवाला, भाजीवाली, पाणी भरणारी बाई. आठवण नसते ती, पाठांतर असतं. म्हणून जे करायचं ते त्या वयाच्या आधी करा.

मी करते ते असं. प्रत्येकाच्या हातात आरसा. मोहरमच्या किंवा गड्ड्याच्या जत्रेत मिळतात तसले लहान, प्लास्टिकच्या चौकटीचे. कडा तुटल्या असतील तर चिकटपट्टी लावायची. आधी पेन्सिल द्यायची नाही. आधी बोटांनी चेहरा चाचपायचा. नाक कुठे सुरू होतं? कानाचं टोक डोळ्याच्या रेषेत येतं का? मुलं हसतात, जिभा काढून बघतात, त्यात दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. मग पेन्सिल, पण खोडरबर नाही. एक डोळा मोठा झाला तर झाला. रंग शेवटी.

रंगांचं मी काय केलं, तर खडूची पेटीच बाजूला ठेवली. गेरू, विटेची भुकटी, चहाची पूड, हळद, काजळ, पानवाल्याकडचा कात आणि आपली सोलापूरची काळी माती. डिंकाच्या पाण्यात कालवलं आणि सांगितलं, आपापला रंग शोधा, हाताला लावून बघा जुळतो का. अर्धा तास नुसती कालवाकालव. 'स्किन कलर' मागणारी ती मुलगी कातात हळद घालून बसली होती. मग म्हणाली, "मेरा तो अम्मी की चाय जैसा है." या कल्पनेत माझं काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडी थेट आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथून आली. महागडं माँटेसरी साहित्य परवडणार नव्हतं, म्हणून आसपासच्या बिया, शिंपले, पानं यांतून त्यांनी ते उभं केलं. इटलीत रेजिओ एमिलिया गावात दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांनी स्वतःच्या हिमतीवर बालशाळा काढल्या. लोरिस मालागुझी हे त्यांचे शिक्षक. तिथे वर्गात जागोजागी आरसे असतात, मूल आत शिरून स्वतःला अनेक बाजूंनी बघेल असे आरशांचे तंबूसुद्धा. आपल्याला तंबू नको, तळहाताएवढा पुरे.

चित्र झालं की मूल त्याविषयी एक वाक्य सांगतं आणि मी ते त्याच्याच बोलीत खाली लिहिते. 'मेरे बालां में जूं थी, अब्बी नै.' प्रमाण मराठी नंतर येईल, शुद्ध उर्दूही येईल. स्वतःच्या तोंडचं वाक्य कागदावर उमटलेलं बघितलं की अक्षर कशासाठी असतं ते पोराला कळतं. वर्षातून तीनदा करा. जून, दिवाळीच्या आसपास, मार्च. मागे तारीख टाका. आणि जोडीनं करा. एकानं बसायचं, दुसऱ्यानं काढायचं. तीन-चार मिनिटं कुणीतरी आपल्याकडे नीट, प्रेमानं, न ओरडता बघतंय, हा अनुभव आमच्या काही मुलांना नवा होता. एक मुलगा ताठ बसून राहिला आणि मग रडायलाच लागला. का, ते मी विचारलं नाही.

एक सावधगिरी. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये मुलांच्या माणसाच्या चित्रावरून बुद्धी मोजायची पद्धत काढली. बोटं किती, मान आहे का, त्याचे गुण. नंतर लोक त्याहून पुढे गेले, हात काढले नाहीत म्हणजे मूल दबलेलं, असलं निदान करायला लागले. तुम्ही यातलं काही करू नका. हात काढले नाहीत तर कधी कधी कागद संपलेला असतो.

आता तुमच्या मनात असलेला प्रश्न. मघापासून दोघं-तिघं चुळबुळतायत. चेहरा काढणं जायज आहे का?

तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक आई आली. बुरखा, हाताला तंबाखूचा वास, विड्यांचं सूप टाकून धावत आलेली. भिंतीवरचं मुलीचं चित्र काढून द्या म्हणाली. "टीचर, कयामत में पूछेंगे, इसमें जान डालो बोलके. मेरी बच्ची कहां से डालेगी?" हदीस आहे ती, आणि तिला नीट माहीत होती. मला दुसरीही माहीत होती. हजरत आयेशा लहानपणी बाहुल्या खेळत, त्यात एक पंखांचा घोडा होता, आणि पैगंबरसाहेब तो बघून हसले होते. उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, काहींचा आक्षेप मूर्तीला आहे, सपाट चित्राला नाही, मुलांच्या खेळण्याला बऱ्याच जणांनी सूट दिली आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की पूजेचा धोका नसेल तर चित्र हे ज्ञान जपण्याचं साधन आहे. शिवाय आधारवर, पासपोर्टवर, अगदी हजच्या अर्जावर फोटो लागतोच.

हे सगळं मी तिला ऐकवू शकले असते. नाही ऐकवलं. ती आई वाद जिंकायला आली नव्हती, तिला मुलीची काळजी होती. मी चित्र उतरवून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, भाभी, मुलीनं स्वतःविषयी काहीतरी कागदावर करावं असं तुम्हाला वाटतं का? तिला वाटत होतं. मग त्या मुलीनं हाताचा पंजा ठेवून त्याभोवती रेघ मारली आणि आत स्वतःचं नाव तीनदा लिहिलं, उर्दूत, मराठीत, इंग्रजीत. आता दर वर्षी पाच-सहा मुलं तसं करतात. कुणी भिंतीवरची सावली गिरवतं, कुणी शब्दांत चेहरा सांगतं. त्यांचे कागदही त्याच भिंतीवर. आपल्यातले काही पुरोगामी मित्र मला म्हणतात, तुम्ही माघार घेतली. असू दे. ज्या मुलीचं चित्र तिच्या आईला अपमान वाटेल ते चित्र त्या मुलीचं राहत नाही, एवढं मला कळतं. मात्र उलटंही सांगते. 'आपल्यात चित्र काढतच नाहीत' असं कुणी तुम्हाला सांगेल तर गप्प बसू नका, कारण ते खरं नाही.

हा आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला. अहमदनगरच्या निजामशहानं चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लावलं, तेव्हा सोलापूर आंदणात दिलं. नवरा गेल्यावर 1580 मध्ये नऊ-दहा वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला आणि चांदबीबीनं त्याला सांभाळलं. हाच दुसरा इब्राहिम आदिलशहा. त्याच्या दरबारातल्या चित्रकारांनी त्याची जी व्यक्तिचित्रं केली त्यांना तोड नाही. हातात चिपळ्यांसारखं वाद्य घेतलेलं एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वेगवेगळ्या हातांनी काढलेल्या चित्रांतही तोच माणूस ओळखू येतो. इथून 100 किलोमीटरवर, मुसलमान बादशहाच्या दरबारात, 400 वर्षांपूर्वी. चांदबीबीची मात्र ससाणा घेऊन घोड्यावर बसलेली जी चित्रं आपण पाहतो, ती ती गेल्यावर शंभर वर्षांनी आणि त्याहून उशिरा काढलेली आहेत. ज्या बाईनं त्या मुलाला वाढवलं तिचा चेहरा नंतरच्या लोकांनी कल्पनेनं घडवला.

आणि मकबूल फिदा हुसेन. ते आपल्या जिल्ह्यातले, हे इथे किती जणांना माहीत आहे? 17 सप्टेंबर 1915, पंढरपूर. ते दीड वर्षाचे असताना आई गेली, झैनब. तिचा एकही फोटो नव्हता. पुढे वडील इंदूरला गेले. हुसेन यांनी मदरशात खत, म्हणजे सुलेखन, शिकलं, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली, जगभर नाव झालं. त्यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका केली तेव्हा निळ्या काठाची पांढरी साडी आहे, हात आहेत, मांडीवर मूल आहे आणि चेहऱ्याच्या जागी काहीच नाही. आपल्या आईचा चेहरा आठवत नाही, असं ते स्वतः सांगत. त्यांच्या चित्रांवरून झालेला वाद, परागंदा होणं, 2011 मध्ये लंडनमध्ये मृत्यू, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात आज शिरत नाही. मी फक्त त्या दीड वर्षाच्या पोराचा विचार करते.

कारण ती पंजावाली आई नंतर पुन्हा आली. वर्षभरानं, स्वतःहून. तिची सासू वारली होती. फोटो होता तो आधारचाच, त्यात म्हातारी रागावल्यासारखी दिसते आणि ती तशी नव्हती. तिच्या मुलीनं मात्र वर्गात शब्दांत चेहरा सांगण्याच्या खेळात दादीला निवडलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं. 'दादी के गाल में खड्डा है. विडी बांधते बांधते सोती. सोते में भी धागा नै छोड़ती.' तो कागद आईला हवा होता. मी दिला. तिनं तो दोनदा वाचायला लावला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला, रेशन कार्डाशेजारी. जाता जाता म्हणाली, "टीचर, बच्ची निकालना चाहती तो निकालने दो अब. पर दीवार पे नक्को, फाइल में रखो." तेव्हापासून तिचं चित्र फाइलमध्ये असतं. तीन झालीत.

बास, माझं बोलून झालं. त्या पिशवीत पंधरा आरसे आहेत आणि तुम्ही चाळीसजण आहात, म्हणजे दोघा-तिघांत एक. कागद पुढच्या बाकावरून मागे द्या. ज्यांना चेहरा काढायचा नसेल त्यांनी शेजाऱ्याचा चेहरा शब्दांत लिहायचा, पण शेजाऱ्याला विचारून. काताच्या वाट्या सांभाळा, कपड्याला लागला तर निघत नाही. आणि खोडरबर कुणी मागू नका, मी आणलेलं नाही.